रोमन गद्याचा प्रकार ओळखायचा कसा? वाक्याचे शेवट मोजून

इ.स. 48 मध्ये सम्राट क्लॉडियसने रोमच्या सिनेटपुढे भाषण केले. गॉलमधल्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या प्रदेशातल्या) प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये जागा मिळावी, असा त्याचा आग्रह होता. हे भाषण आज दोन रूपांत उपलब्ध आहे. एक रूप ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेले आहे. हा पत्रा फ्रान्समधल्या ल्यों इथे 1528 मध्ये सापडला. दुसरे रोमन इतिहासकार टॅसिटसच्या 'अ‍ॅनल्स'च्या अकराव्या भागात आहे. पत्र्यावरचा क्लॉडियस प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या काळातल्या हकिकतींत रमतो आणि मग स्वतःलाच नावाने हाक मारून मुद्द्यावर यायला सांगतो. टॅसिटसने ही सगळी भटकंती काढून टाकली आहे. तिथे भाषण आटोपशीर आहे आणि धारदारही.

यावरून टॅसिटसला खोटारडा ठरवणे चुकीचे होईल. रोमन इतिहासकाराने भाषणे आपल्या शैलीत नव्याने रचावीत, ही त्या लेखनप्रकाराची मान्य रीत होती. म्हणून रोमन गद्यातला कोणताही उतारा पुरावा म्हणून हाती घेण्याआधी तो कोणत्या प्रकारातला आहे, हे ठरवावे लागते. वक्तृत्व, इतिहास, टिपणवजा वृत्तान्त, पत्रे, संवाद, चरित्र, शेती-बांधकामावरचे ग्रंथ, कादंबरी, असे हे प्रकार. पुस्तकाच्या नावावर विसंबून चालत नाही. तत्त्वज्ञ सेनेकाची लुसिलियसला लिहिलेली 124 पत्रे पत्रांच्या रूपातले तत्त्वचिंतन आहेत. कोलुमेलाच्या शेतीवरच्या बारा भागांतला दहावा, बागकामाचा भाग तर चक्क पद्यात आहे.

मग ओळखायचे कसे? एक पद्धत मोजणीची आहे आणि ती मराठी वाचकाला चटकन समजेल, कारण लघू-गुरूचा हिशेब आपण वृत्ते शिकताना केलेला असतो. लॅटिनमध्येही दीर्घ स्वराचे अक्षर गुरू. स्वर ऱ्हस्व असला तरी त्यापुढे दोन व्यंजने आली, तर सहसा तेही अक्षर गुरू. आपल्या पादान्ताप्रमाणेच तिथेही वाक्याचे शेवटचे अक्षर लघू असले तरी गुरू धरता येते. रोमन वक्ते वाक्याच्या शेवटाची लय जाणीवपूर्वक बांधत. प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो याच्या आवडीचा शेवट 'गालगा गागा', म्हणजे र गण आणि त्यापुढे दोन गुरू. त्यातल्या दुसऱ्या 'गा'चे दोन लघू केले की 'गालललगागा' होते. 'एस्से विदेआतुर' या शब्दांचा शेवट असाच आहे, आणि तो सिसेरोच्या भाषणांत इतका येतो की पुढे वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन आणि टॅसिटस या दोघांनीही त्याचा खास उल्लेख केला.

श्रोत्यांना ही लय खरोखर ऐकू येत असे. 'ओरातोर' या इ.स.पू. 46 मधल्या ग्रंथात सिसेरो कार्बो नावाच्या वक्त्याच्या एका सभेबद्दल सांगतो. कार्बोचे वाक्य 'कोम्प्रोबाविट' या शब्दावर, म्हणजे 'गालगागा' लयीवर थांबले आणि सभेत एकच गजर झाला. सिसेरो लगेच तेच शब्द फिरवून 'तेमेरितास' शेवटी आणतो आणि दाखवतो की अर्थ तोच असूनही परिणाम गेला. ही दोन हजार वर्षांपूर्वीची नियंत्रित चाचणीच म्हणायला हवी.

मोजणी करताना आधी संशोधित (हस्तलिखिते ताडून तयार केलेली) आवृत्ती घ्यावी. तिच्यातली इतरांची अवतरणे आणि पाठ खराब झालेल्या जागा वगळाव्यात. मग प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या सहा-सात अक्षरांवर लघू-गुरूच्या खुणा कराव्यात. शब्दाच्या अंती स्वर किंवा 'म्' असेल आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, तर ते अंत्य अक्षर गळते. हे विसरले की पुढचा सगळा हिशेब एका अक्षराने सरकतो.

सर्वांत जास्त चुका स्वरांच्या लांबीत होतात, कारण छापील लॅटिनमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'आ' एकाच अक्षराने दाखवतात. सत्तापालटाचा कट रचणाऱ्या कॅटिलिनाविरुद्ध सिसेरोने इ.स.पू. 63 मध्ये केलेल्या पहिल्या भाषणाचे पहिलेच वाक्य 'पातिएन्तिआ नोस्त्रा' असे संपते. 'पातिएन्तिआ'चा अंत्य स्वर ऱ्हस्व धरला तर 'गाललगागा' मिळते, म्हणजे महाकाव्याच्या ओळीचा शेवट. वक्त्याने तो टाळावा, असा संकेत होता. पण इथले क्रियापद पंचमी विभक्ती मागते, त्यामुळे तो स्वर दीर्घ आहे आणि शेवट 'गालगा गागा' होतो, सिसेरोच्या सर्वांत आवडीचा! व्याकरण न पाहता खुणा करणारा माणूस (किंवा संगणकाचा प्रोग्राम) इथे नेमका उलटा निष्कर्ष काढेल.

दुसरा धोका विरामचिन्हांचा. पूर्णविराम आधुनिक संपादकाने दिलेले असतात, आणि कधी कधी लय पाहूनच पाठ निवडलेला असतो. अशा ठिकाणी मोजणी स्वतःच्याच शेपटीमागे धावते. शिवाय लॅटिनमध्ये काही लयी आपोआपच जास्त येतात. म्हणून त्याच ग्रंथातले वाक्यांच्या मधले तेवढ्याच लांबीचे तुकडे मोजून तुलना करायलाच हवी. 25-30 वाक्यांवर तर काहीच ठरवू नये. पोलिश अभ्यासक झिएलिन्स्की यांनी 1904 मध्ये सिसेरोच्या भाषणांतले सुमारे 18,000 शेवट हाताने मोजून मांडले, तेव्हा कुठे चित्र पक्के झाले.

त्या मोजणीशी ताडून पाहिले की सॅलस्ट आणि लिव्ही यांच्या इतिहासांत या शेवटांची तशी ओढ दिसत नाही. सिसेरोच्या पत्रांतही फरक पडतो. औपचारिक पत्रांत लय सापडते, जिवलग मित्र अ‍ॅटिकसला लिहिलेल्या पत्रांत ती बहुतेक सुटलेली असते. पत्रे आपण रोजच्या शब्दांनी विणतो, असे सिसेरोने एका मित्राला लिहिलेच आहे.

इथेच एक मोठी चूक होऊ शकते, ती म्हणजे शैली बदलली की लेखक बदलला असे मानण्याची. वक्तृत्वावरचा 'दियालोगुस' हा संवाद 'अ‍ॅनल्स'पेक्षा इतका वेगळा वाटतो, इतका सिसेरोसारखा वाटतो, की तो टॅसिटसचा नाहीच अशी शंका दीर्घकाळ घेतली गेली. आज बहुसंख्य अभ्यासक तो टॅसिटसचाच मानतात. वक्तृत्वावरचा संवाद सिसेरोच्या वळणाने लिहायचा, ही त्या प्रकाराची मागणी होती. म्हणून लेखक ठरवताना भाषणाची तुलना भाषणाशी आणि पत्राची पत्राशीच करावी.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतही एक रोमन आकडा वारंवार येतो: भारत दरवर्षी रोमकडून किमान 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) नेतो. हे थोरल्या प्लिनीच्या ज्ञानकोशातले, 37 भागांपैकी सहाव्यातले विधान आहे. बाराव्या भागात भारत, चीन आणि अरबस्तान मिळून आकडा 10 कोटी होतो, आणि लगेच पुढे प्लिनी म्हणतो की आमची चैन आणि आमच्या बायका आम्हाला एवढ्याला पडतात. जकातीच्या वहीत असे वाक्य नसते. चैनीवर ताशेरे ओढणे हा प्लिनीच्या ज्ञानकोशाचा नेहमीचा सूर आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या रोमन व्यापाराचा हिशेब मांडताना हा आकडा जरूर घ्यावा, पण त्याच्या शेजारी हे वाक्यही छापावे.