जपानी कॅनवरची ‘ड्राफ्ट’: पार्श्वभूमी

जपानी लागरच्या, म्हणजे थंड ठेवून सावकाश आंबवलेल्या बिअरच्या, कॅनवर ‘ड्राफ्ट’ छापलेलं असतं. आपल्याकडे ड्राफ्ट म्हणजे केगमधून, म्हणजे पिंपातून, नळाने ग्लासात येणारी बिअर. मग ती कॅनमध्ये शिरली कशी? याचं उत्तर १९७९ सालच्या एका सरकारी निर्णयात सापडतं. जपानी लागर जी ‘स्वच्छ’, ‘हलकी’ लागते, त्या चवीचं श्रेय सगळे तांदळाला देऊन मोकळे होतात. तांदूळ आपल्याकडच्या लागरमध्येही पडतो, पण तिला कोणी जपानी म्हणत नाही. माझ्या मते तांदळापेक्षा या निर्णयाने आणि त्याच्या आगेमागे झालेल्या भांडणाने जास्त काम केलं आहे.

जुना इतिहास दोन ओळींत उरकतो. १८७० च्या सुमारास योकोहामाच्या परदेशी वस्तीत बिअर बनू लागली. १८७६ मध्ये साप्पोरोला सरकारी कारखाना निघाला आणि त्याचा मुख्य कारागीर जर्मनीत शिकून आलेला होता, म्हणून देशभर लागरच रुजली. १८९९ मध्ये टोकियोत पहिला बिअर हॉल उघडला. बाटलीतली बिअर तापवलेली आणि पिंपातली न तापवलेली, ही विभागणी पुढे बराच काळ टिकली. पिंपातलीला ‘नामा’ म्हणत, म्हणजे कच्ची. ती उन्हाळ्यात बिअर हॉलमध्ये बसून प्यायची. बाटली मात्र साधारण ६० अंशांवर तापवून यीस्ट (साखर खाऊन मद्य तयार करणारे सूक्ष्मजीव) मारून टाकायची, नाहीतर आत पुन्हा आंबायला लागून बिअर गढूळ व्हायची.

१९६७ मध्ये या धंद्यात नव्याने उतरलेल्या एका कंपनीने बाटलीतली बिअर तापवायचीच नाही असं ठरवलं. अतिसूक्ष्म छिद्रांच्या फिल्टरमधून यीस्ट काढून टाकलं, बाटल्या भरल्या आणि लेबलावर ‘नामा’ लिहिलं. प्रतिस्पर्धी खवळले. यीस्टच काढून टाकलं तर त्यात कच्चं उरलं काय, हा त्यांचा सवाल. त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याच वर्षी यीस्ट जिवंत ठेवलेली बाटली बाजारात आणून खरी कच्ची बिअर हीच, असा दावा ठोकला. दहा-बारा वर्षं ही खडाजंगी चालली. ग्राहकाला कळेना की एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू का विकल्या जात आहेत.

अखेर १९७९ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने निकाल दिला: उष्णतेची प्रक्रिया केलेली नसेल तर ती ‘नामा’ किंवा ‘ड्राफ्ट’. यीस्ट आहे की नाही, पिंप आहे की कॅन, याच्याशी घेणंदेणं नाही.

हा निकाल फिल्टरवाल्यांच्या पथ्यावर पडला, यात शंका नाही. यीस्टवाल्यांचं म्हणणं जुन्या रूढीला धरून होतं. बिअर हॉलमधल्या गिऱ्हाइकाला जिवंत बिअरच अभिप्रेत होती. पण यीस्टसकट बाटली गावोगाव पोचवायची तर शेवटच्या दुकानापर्यंत ती थंड ठेवावी लागते. फिल्टर केलेलीला तेवढे लाड लागत नाहीत. आयोगाने सोयीची व्याख्या उचलली आणि तिलाच खरी ठरवलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. कॅनमधली ड्राफ्ट निर्यात होऊ शकते तीही याच व्याख्येमुळे.

पुढचं सगळं याच पायावर उभं राहिलं. बाजारातला वाटा दहा टक्क्यांखाली गेलेल्या एका कंपनीने १९८७ मध्ये ‘सुपर ड्राय’ आणली. यीस्ट असं निवडलेलं की साखर जास्तीत जास्त खाऊन टाकेल; ‘ड्राय’ म्हणजे गोडवा न उरलेली. मद्यार्क ५ टक्के, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) जोडीला तांदूळ, मका आणि स्टार्च. वर्षभरात बाकीच्यांनीही आपापल्या ‘ड्राय’ काढल्या. १९९६ मध्ये तर एकेकाळी साठ टक्क्यांहून जास्त बाजार खिशात असलेल्या कंपनीने आपली जुनी तापवलेली लागरच कच्ची करून टाकली. जुने गिऱ्हाईक नाराज झाले, वाटा घसरला, आणि २००१ मध्ये तापवलेली बिअर ‘क्लासिक’ नावाने देशभर परत आणावी लागली.

हा फरक जिभेवर कळतो. कच्ची आणि तापवलेली, दोन्ही सहा-सात अंशांना थंड करा, साध्या धुतलेल्या ग्लासात वरून ओता, फेस दोन-तीन बोटं येऊ द्या. कच्च्या ड्राय बिअरमध्ये कडवटपणा आधी येतो आणि घोट उतरताच चव तुटल्यासारखी थांबते. तापवलेलीत पावाच्या भाजलेल्या कडेसारखं काहीतरी मागे रेंगाळतं. याकितोरी (काडीवर भाजलेलं चिकन) किंवा मीठ घातलेल्या एदामामेबरोबर (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) पहिली चांगली. नुसतीच प्यायची असेल तर मी दुसरी घेईन. हिरव्या बाटलीपेक्षा कॅन बरा, कारण उजेड लागला की हॉप्सला (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांना) उग्र वास येतो.

कराचं प्रकरण ओझरतं सांगतो. पूर्वी माल्ट निदान ६७ टक्के असेल तरच ती कायद्याने बिअर. १९९४ मध्ये एका कंपनीने ते ६५ वर आणून कर वाचवला. मग सरकार नियम बदलणार, कंपन्या माल्ट आणखी कमी करणार, असा खेळ वर्षानुवर्षं चालला. २०१८ मध्ये मर्यादा ५० टक्क्यांवर आली. ३५० मिलिलिटरवर बिअरला ७७ येन आणि कमी माल्टवालीला सुमारे ४७ येन कर होता. ऑक्टोबर २०२६ पासून सगळ्यांना सारखाच ५४.२५ येन ठरला आहे.

राहिला ‘आयात’ या शब्दाचा प्रश्न, म्हणजे परदेशात जपानी म्हणून विकली जाणारी बिअर जपानहून येते का, हा. युरोपात विकली जाणारी सुपर ड्राय इटलीत बनते. अमेरिकेत एका जपानी नावाच्या बिअरवर ग्राहकांनी दावा लावला, कारण ती लॉस एंजेलिस आणि व्हर्जिनियात बनत होती. २०१० च्या दशकात तडजोड झाली, ग्राहकांना परतावा मिळाला आणि बिअर कुठे बनली ते लेबलावर नीट दिसेल असं छापायचं ठरलं. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात जपानी म्हणून घेतलेला कॅन उलटा करून पाहिला, तर बनवल्याचं ठिकाण तिथे बारीक अक्षरांत सापडेल.