ट्रकची पासिंग आणि एलईडी लाईट: गाडी नेमकी कशावरून परत येते

एलईडी लावली म्हणून गाडी फेल होते हे आधी डोक्यातून काढून टाका. एलईडीवर सरसकट बंदी वगैरे काही नाही, नवीन ट्रक तर कंपनीतूनच एलईडी टेललाईट घेऊन येतात आणि बिनबोभाट पास होतात. परत येते ती बाहेरून घेतलेले बिनमार्काचे लाईट लावलेली, चुकीच्या रंगाच्या दिव्यांची, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात मारणारी गाडी.

ट्रक, टेम्पो, ट्रेलर, मालवाहू म्हणून नोंद असलेल्या प्रत्येक गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ खाली फिटनेस, म्हणजेच आपली पासिंग, लागतं, सर्टिफिकेट फॉर्म ३८ मध्ये मिळतं. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, फी ऑनलाईन, स्लॉट घ्यायचा आणि गाडी न्यायची. सोबत आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स भरल्याची पावती, परमिट, आधीचं फिटनेस, गाडीला लागू असेल तर स्पीड गव्हर्नरचं सर्टिफिकेट, आणि रिफ्लेक्टिव्ह टेप जिथून लावली तिथलं सर्टिफिकेट. टेपचा कागद बरेच जण घरी विसरून येतात, तेवढा आदल्या रात्रीच फाईलला लावून ठेवा.

तारखेत मात्र लोक हमखास फसतात. नव्या गाडीला पहिलं फिटनेस २ वर्षांचं, मग गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर वेळी २ वर्षांचं आणि त्यानंतर दर वर्षी. मागच्या वेळी २ वर्षांचं मिळालं होतं म्हणून याही वेळी तेवढंच मिळालं असेल असं धरून मालक निवांत राहतो, सर्टिफिकेटवरची तारीख कोणी वाचतच नाही, आणि नाक्यावर गाडी अडवली की मग फोन सुरू. मुदत संपल्यावर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये ज्यादा फी नियमातच आहे. स्लॉट घेतलाय म्हणजे फिटनेस झालं असंही नाही, मुदत संपलेली गाडी स्लॉटची पावती दाखवून रस्त्यावर चालत नाही.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो. इन्स्पेक्टरने बाहेरून लावलेल्या लाईटचं अप्रूव्हल विचारलं की मालक खिशातून दुकानाचं बिल काढतो. बिलावर लिहिलेलं असतं "एलईडी लाईट २ नग". अहो, ते बिल आहे, त्याने फक्त तुम्ही पैसे दिले एवढंच कळतं. लाईट तपासून पास झालाय हे कळतं टाईप अप्रूव्हलवरून, म्हणजे पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्थेने एआयएस, म्हणजे गाडीच्या भागांसाठीच्या भारतीय स्टँडर्डप्रमाणे तो तपासलेला असला पाहिजे. हेडलाईटला एआयएस ०१०, बाकीच्या दिव्यांना एआयएस ०१२, आणि कुठला दिवा गाडीवर कुठे, किती उंचीवर बसवायचा त्याला एआयएस ००८. हे नंबर पाठ करत बसू नका, दुकानात लाईट हातात घेऊन काच तिरकी धरा, काचेवर किंवा बॉडीवर अप्रूव्हलचा मार्क आणि नंबर कोरलेला दिसतो का बघा. नुसत्या खोक्यावर छापलेल्याला काही अर्थ नाही, खोकं काय पासिंगला जाणार नाही. मार्क असेल तर त्याच मॉडेलच्या सर्टिफिकेटची कॉपी तिथल्या तिथे मागा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर लाईट परत ठेवा.

काही जण दुसऱ्याच वाटेला लागतात, आरसीवर एलईडी चढवून घेऊ म्हणतात. कलम ५२ ची परवानगी बॉडी बदलणं, सीएनजी किट बसवणं असल्या कामांसाठी असते. दिव्यासाठी त्या खिडकीवर रांग लावून दिवस घालवू नका.

सगळ्यात जास्त गाड्या अडकतात त्या हेडलाईटच्या बल्बवर. हॅलोजनच्या जुन्या घरात नुसता एलईडी बल्ब खुपसायचा, वायरमन म्हणतो प्लग तोच आहे, बसतो की. बसतो, पण हॅलोजनच्या आतला रिफ्लेक्टर त्या बारीक फिलामेंटच्या जागेवर हिशोब करून बनवलेला असतो, एलईडीच्या चिप्स वेगळ्या जागी आणि वेगळ्या आकाराच्या, त्यामुळे डिपर मारला तरी प्रकाश वर उडतो. मालकाला वाटतं काय झकास उजेड, आणि समोरून येणारा आंधळा होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर उभ्या माणसाला, डोळे दीड मीटर उंचीवर धरून, दिव्याने दिपता कामा नये. ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशनला हे मशीन मोजतं आणि मशीनशी हुज्जत घालता येत नाही. माझं ऐकाल तर कंपनीचा हॅलोजन परत बसवा, नाहीतर पूर्ण अप्रूव्ह्ड एलईडी हेडलाईट असेंब्लीच घ्या, मधला जुगाड नको.

रंगाचं गणित सोपं आहे तरी लोक चुकतात. नियम १०८ प्रमाणे पुढे लाल दिसता कामा नये, मागे इंडिकेटर सोडले तर लालच दिसलं पाहिजे, रिव्हर्स लाईट आणि नंबरप्लेटचा दिवा तेवढे पांढरे. केबिनवरच्या निळ्या पट्ट्या, ग्रिलमधली लाल माळ, हे सगळं काढूनच या. समोर स्पॉटलाईट नियम १११ ने बंद. उलट २.१ मीटरपेक्षा रुंद गाडीला टॉपलाईट, म्हणजे वरच्या कोपऱ्यांवरचे दिवे, लागतातच, आणि नेमके तेच बंद असतात.

आता देखभाल. एलईडी "लाईफटाईम" असते म्हणून कोणी बघत नाही, पण चिप जाण्याआधी अर्थिंग गंजतं, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, ट्रेलरच्या सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात. दिवा मंद झाला की आधी अर्थिंग घासून बघा. इंडिकेटर फडफड फडफड लवकर मारत असेल तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) एलईडीचा कमी करंट ओळखत नाही, एलईडीचाच फ्लॅशर टाका. काचेला थिनर लावू नका, प्लास्टिक धुरकट होतं. टायरची हवा सारखी करून सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, हेडलाईटच्या मधोमध उंचीला भिंतीवर खडूची रेघ मारा, डिपरची कड त्या रेघेच्या खालीच पडली पाहिजे. किती खाली ते हेडलाईटजवळच्या प्लेटवर टक्क्यात असतं, १ टक्का म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. मागे माल भरला की पाटे दबतात आणि प्रकाश वर जातो, हे भरलेल्या गाडीत लक्षात ठेवा.

पासिंगपुरते मित्राच्या गाडीचे लाईट उसने लावून नंतर परत झगमगाट करणारेही आहेत. कलम १८२अ मध्ये कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही, आणि प्रत्येक म्हणजे दिव्यागणिक मोजत बसले तर बघा.

फेल झालीच तर गेटबाहेर पडायच्या आधी रिपोर्ट स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. एका मालकाला "लाईटवर फेल" एवढंच सांगितलं, त्याने दोन नवीन हेडलाईट घेऊन बसवले आणि परत फी भरून गाडी आणली. मी रिपोर्ट मागून बघितला तर त्यावर नंबरप्लेटचा दिवा बंद एवढंच होतं.