‘आम्हाला शिकवू द्या’च्या आधीची पावणेदोनशे वर्षं

‘मास्तरांना बदल नको असतो,’ हे वाक्य पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर कानावर पडतं. त्याच्या जोडीला दुसरं ठरलेलं असतं, ‘पालकांना काय, फक्त इंग्रजी हवं.’ दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. या शहरात शिक्षणातल्या सुधारणांना विरोध झाला, खूप झाला. पण त्यातला काही विरोध कोणी शिकावं यावरून होता आणि काही, शिकवायला वेळच मिळत नाही म्हणून होता. पहिला करणारे बहुतेक शाळेबाहेरचे लोक होते, दुसरा करणारे वर्गात उभे राहणारे. आज वर्तमानपत्रात हे दोन्ही ‘विरोध’ या एकाच शब्दाखाली छापले जातात. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही २०१७ सालची शिक्षकांची घोषणा दुसऱ्या विरोधातली, तीही त्यातच गणली जाते. मला ते अन्यायाचं वाटतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात अर्थातच भिडे वाड्यापासून. १८४८ साली बुधवार पेठेत जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल पडायचा, म्हणून त्या जादा लुगडं बरोबर नेत, ही आठवण मराठी घरात प्रत्येकाने ऐकलेली आहे. त्यापुढचं मात्र कमी सांगितलं जातं. अवघ्या चार वर्षांत, १८५२ साली, सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. पुढे तीन वर्षांनी याच शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांच्या दुःखाबद्दल ती जे लिहून गेली, ते आजही मान खाली घालायला लावतं. शाळेवर शेण फेकणारे पुण्यातलेच आणि शाळेसाठी वाडा देणारे तात्यासाहेब भिडेही पुण्यातलेच. ‘पुणेकरांचं मत’ अशी एक गोष्ट तेव्हाही नव्हती.

शिक्षकांविषयी या शहरातून झालेलं सगळ्यात नेमकं बोलणं मात्र १८८२ सालचं आहे. इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला मास्तरांबद्दलचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, असं ते सांगतात. असा शिक्षक लोकांत मिसळेल, वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराची वाकस हातात धरायला लाजणार नाही. पगार बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस हवा. आणि मग एक अशी सूचना येते की आजच्या शिक्षकाला ती वाचून धक्का बसेल. गावचे हिशेब तपासणं, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री यांसारखी कामं शिक्षकाकडे द्यावीत, म्हणजे लोकांशी त्याचा सततचा संबंध राहील.

म्हणजे अशैक्षणिक कामांची कल्पना खुद्द फुल्यांची? वरवर पाहता तसं दिसतं. पण त्यांना त्या कामांतून मास्तरचं गावातलं वजन वाढवायचं होतं. आज लादली जाणारी कामं शिक्षकाला ना पैसा देतात ना मान. उलट तो वर्गातून उठून जातो आणि गावाला वाटतं, हा शिकवतच नाही.

यानंतरची वर्षं भरभर सांगता येतात. १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ची हुजूरपागा, पुढे अण्णासाहेब कर्व्यांचं हिंगणे. पुणेकरांचा भरवसा सरकारी शाळेपेक्षा ‘संस्थे’वर बसत गेला आणि तो अजून तसाच आहे. पूर्वी फर्ग्युसनमध्ये शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरतं, तेही जिथे शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण आधीच बरं आहे तिथेच. इतकं सावध विधेयकसुद्धा १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. १९२० साली पुणे नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा वाद पेटला तो मुलींवरून. पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलांपुरती सक्ती करा, अशी लोकमान्यांची बाजू होती. मुलींनाही आत्ताच, यासाठी विठ्ठल रामजी शिंदे आणि रमाबाई रानडे उभे राहिले. लोकमान्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते, त्या वादात शिंदे आणि रमाबाई बरोबर होते.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या आणि शिक्षक सरकारी यंत्रणेचा शेवटचा माणूस झाला. १९७७-७८ चा सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, त्यात शिक्षकही होते. शिक्षकांना ‘संपकरी’ म्हणायची सवय लोकांना लागली ती तिथून.

माझी आई भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत होती. १९९५ मध्ये पोषण आहार योजना आली आणि ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला. योजना चांगलीच होती, मुलं येऊ लागली. पण पोत्यातून तांदूळ मोजायचा कोणी? आईने वाण्याकडून तराजू मागून आणला. दोन वर्गांची मुलं एका खोलीत बसवून ती ओसरीवर किलोकिलोने तांदूळ तोलायची. एखाद्या मुलाची हजेरी ७८ टक्के भरली की त्याची आई दारात उभी. ‘बाई, दोन दिवसांसाठी पोराच्या तोंडचा घास काढता व्हय?’ आई रात्री हजेरीपट पुन्हापुन्हा मोजत बसे. उद्याचं टाचण तसंच राहायचं.

२००० साल दोन अर्थांनी वळणाचं ठरलं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. बहुजन समाजातल्या पालकांना आपल्या मनातलं कोणीतरी बोललं असं वाटलं. पुण्यातल्या बऱ्याच मराठीप्रेमींना मात्र तो घाव वाटला. त्याच वर्षी शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेत नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं महिना ३,००० रुपये मानधन. १८८२ साली ज्या गावाने मास्तरला सन्मानाचा पगार मागितला होता, त्याच गावातल्या डी.एड. झालेल्या मुलामुलींनी हे मुकाट्याने स्वीकारलं.

शिक्षकांना बदल नको असतो, या म्हणण्याला सर्वात मोठं उत्तर २०१५ नंतर मिळालं. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून पाहत शिकावं, हा जड शब्द खेडोपाडी पोचला. शिक्षकांनी पदरमोड करून फरशा रंगवल्या, रविवारी साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाच्या) शाळा पाहून आले, गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढली. शिरूर तालुक्यात वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. २०१७ मध्ये हेच शिक्षक रस्त्यावर आले. ऑनलाइन माहिती भरून भरून हात थकले होते, बदल्यांचं धोरण डोक्यावर होतं. त्यांची घोषणा होती, ‘आम्हाला शिकवू द्या’. तीन शब्दांत एवढी साधी मागणी क्वचितच कोणी केली असेल.

पालकांचंही तसंच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना मिळू लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. पालक न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. मोलकरीण, रिक्षावाला, वॉचमन यांच्या मुलांसाठी तो दरवाजा किती मोलाचा आहे हे त्या वेळी दिसलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचा निर्णय झाला, तेव्हा पालक, शिक्षक, भाषेचे अभ्यासक एका बाजूला आले. २९ जूनला तो मागे घ्यावा लागला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ सप्टेंबर २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला हवं. शिक्षकाची पात्रता तपासावी, हे मला मान्य आहे. फुल्यांनीही प्रशिक्षित शिक्षकच मागितला होता. पण वीस-पंचवीस वर्षं वर्ग सांभाळलेल्यांना नोकरीच्या भीतीने परीक्षेला बसवणं आणि प्रशिक्षण देणं यांत फरक आहे.

आमच्या सोसायटीत महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई राहतात. वय सत्तेचाळीस. रात्री जेवणं झाली की बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडतात आणि त्यांची अकरावीतली मुलगी त्यांचे सराव-प्रश्न तपासते. परवा भेटल्या तेव्हा हातात मतदारयादीचे कागद होते. बीएलओची, म्हणजे मतदारयादीच्या घरोघरच्या कामाची, ड्यूटी लागली होती, वर्ग दोन दिवस शेजारच्या बाईंनी सांभाळला.