खात्याला वॉर्निंग आली? अपील अडतं ते या एका कागदापायी

सोशल मीडियाच्या खात्यावर वॉर्निंग आली, पोस्ट उडवली आणि कंपनी ऐकत नसेल, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे, म्हणजे जीएसीकडे जाता येतं. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ऑक्टोबर 2022 मध्ये दुरुस्ती झाली, त्यातून या समित्या आल्या. फी नाही, हेलपाटे नाहीत, सगळं ऑनलाइन.

आधी एक बघा: चूक खरंच तुमची होती का? मग अपिलाच्या नादी लागू नका. यूट्यूबवर पहिल्या चुकीला सहसा नुसती वॉर्निंग असते. तिथलं छोटं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि 90 दिवस तोच नियम मोडला नाही, की ती निघून जाते. घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका. त्याने वॉर्निंग किंवा स्ट्राइक (वॉर्निंगनंतर पुन्हा नियम मोडल्यावर खात्यावर पडणारी नोंद) पुसली जात नाही, हातचा पुरावा मात्र जातो.

चूक नव्हती, तर पुढे वाचा.

समितीला नुसती वॉर्निंग दाखवून भागत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तुमच्या तक्रारीवर दिलेला निर्णय लागतो, आणि नेमका हाच कागद कोणाकडे नसतो. ॲपमधलं ‘अपील’चं बटण दाबलं म्हणजे अधिकाऱ्याकडे तक्रार गेली, असं लोक धरून चालतात. तसं नाही. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क कंपनीने वेबसाइटवर, ॲपमध्ये किंवा दोन्हीकडे ठळक द्यायचा असतो. ठळक म्हणजे काय, हे तो शोधताना कळेलच! त्याच मार्गाने वेगळी तक्रार करा.

एका बाईंनी मला मोठ्या विश्वासाने ‘निर्णय’ दाखवला. मेलमध्ये एवढंच होतं: तुमची तक्रार मिळाली, क्रमांक अमुक. ही पोच झाली, निर्णय नव्हे. खरा निर्णय त्यांच्या स्पॅममध्ये तीन आठवडे पडून होता.

आणि मुदत तिथूनच धावते. अपिलाचे 30 दिवस अधिकाऱ्याचं उत्तर तुम्हाला मिळाल्यापासून मोजतात, वॉर्निंगच्या तारखेपासून नाही. बाईंचे जेमतेम नऊ दिवस उरले होते.

बाकी कागद साधे: मूळ तक्रारीची प्रत, अधिकाऱ्याचं उत्तर, वॉर्निंगचा आणि पोस्टचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट कापू नका, तारीख आणि कोणता नियम मोडला ती ओळ दिसू द्या. अर्जातही त्या ओळीलाच उत्तर द्या. ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं दोन पानं लिहिण्यापेक्षा ‘या नियमात माझी पोस्ट या कारणाने बसत नाही’ हे चार ओळींत लिहिलेलं बरं.

अर्ज जीएसीच्या पोर्टलवर भरायचा. निकाल 30 दिवसांत देण्याचा ‘प्रयत्न’ करावा, असं नियम म्हणतो; शब्द त्यांचाच. तोवर कंपनीची कारवाई आपोआप थांबत नाही, तेव्हा त्याच खात्यावर तसलीच दुसरी पोस्ट टाकू नका.