पुण्याच्या पेठेतला वाडा : खर्च आणि मोल

शेजारच्या घराला भिंत लावून उभे असलेले, एका किंवा अधिक चौकांभोवती बांधलेले शहरी घर म्हणजे पेठेतला वाडा. घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्यात माती-विटांची भरण अशी त्याची बांधणी. घराचे माप खणांत सांगत. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. वाड्यात भार मुख्यतः लाकूड पेलते, आणि मालकाच्या खर्चाचे मूळही तिथेच आहे.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शाकारणी करावी लागते. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या. एखादे वर्ष हे काम राहिले की पाणी झिरपत तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकापर्यंत पोचते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, पण टोकाशी पटाशी लावली तर लाकूड भुसा होऊन हातात येते. मग टेकू, नवे सागवान आणि जुने सांधे जाणणारा सुतार, तिन्ही शोधत फिरावे लागते. ओल दिसली म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देणे ही सर्रास होणारी चूक; त्याने ओल आतच कोंडते आणि भिंत आणखी लवकर खचते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी मातीचे वाडे पाण्यात विरघळून बसले. त्यांच्या जागी पुढे सिमेंटच्या इमारती आल्या.

वाड्याचे उत्पन्न हा मालकाच्या जिव्हाळ्याचा आणि दुखाचा विषय. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठवली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. महिना १०० रुपये भाडे असेल तर ४ रुपये. दुरुस्तीची जबाबदारी मात्र मालकाचीच. चार खोल्यांच्या वर्षभराच्या भाड्यात एक तुळईही बदलून होत नाही. म्हणून वाडा पडायला आला की मालकाला आळशी आणि भाडेकरूला चिवट म्हणणे अन्यायाचे आहे. तुटपुंज्या पगारावर त्याच दोन खोल्यांत भाडेकरूने संसार केलेला असतो, मुलांची लग्ने लावलेली असतात. पावसाळ्याआधी धोकादायक घराची नोटीस येते, तेव्हा धास्ती दोघांनाही सारखीच असते.

विक्रीत वाड्याची किंमत ठरते ती जागेवरून : रस्त्याची रुंदी, मिळणारा एफएसआय (जागेच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण), किती भाडेकरूंना नवी जागा द्यायची आणि मालमत्ता पत्रकावर किती वारसांची नावे आहेत. तीन पिढ्या वाटणी झाली नसेल तर सह्या गोळा करण्यातच वर्षे जातात. उन्हाळ्यातही गार राहणारे माजघर, चौकातून घरभर फिरणारा वारा, पाहुणा टेकतो ती ओसरी, यांना या हिशेबात रकानाच नाही. खरे मोल तिथे आहे, आणि वाडा राखू पाहणाऱ्या मालकाला त्याच मोलावर कर्ज मिळत नाही ही मोठी अडचण आहे.

दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये पूर्ण केलेला विश्रामबागवाडा टिकला तो सार्वजनिक उपयोगात राहिल्यामुळे. घरगुती वाड्यांना तो आधार क्वचितच मिळतो. वाडा उतरवताना आधी सागवान मोजले जाते. कोरीव खांब, महिरपी आणि दिंडीदरवाजा वेगळा भाव घेऊन बंगल्यांत, हॉटेलांत जातात; जोत्याचे दगड बहुधा तिथेच नव्या पायात पडतात.