रेडिएशन दिलेला कांदा 'किरणोत्सर्गी' होतो का?

कांद्याला, आंब्याला रेडिएशन देतात म्हणजे ते खाल्लं की किरणं पोटात जाणार, हे किती वर्षं ऐकतोय! तसं काही नसतं हो.

भाभा अणुसंशोधन केंद्राने, म्हणजे बीएआरसीने, यावर बरंच काम केलंय आणि लासलगावचा, मालाला किरणं द्यायचा प्लांट त्यातूनच उभा राहिला. तिथे कोबाल्ट-६० हा किरणं सोडणारा धातू वापरतात, तो सीलबंद नळ्यांमध्ये असतो, मालाला कधीच टेकत नाही, फक्त गामा किरणं आरपार जातात. त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक), आणि अन्नातले अणू किरणोत्सर्गी करायला एवढी पुरतच नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी येऊन किरणं सोडतो का? मग कांदा कसा सोडेल!

होतं काय, तर कोंब फुटायच्या पेशींचा डीएनए बिघडतो आणि कांदा मोड न येता टिकतो. आंब्यात कोयीतला किडा मरतो किंवा त्याची वाढ थांबते, म्हणून तर २००७ पासून अमेरिकेने आपला हापूस घ्यायला सुरुवात केली. थोडंफार व्हिटॅमिन सी कमी होऊ शकतं, ते मान्य, पण ते शिजवतानाही होतंच की. आणि सडलेला कांदा मात्र याने चांगला होत नाही, माल आधीच धड लागतो.