टाइप वन डायबिटीसवर इलाज येतोय का? थोडं नीट समजून घेऊ

इंदूरला थंडी पडली की सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू नावाचा कंद तळायला लागतात, आणि टाइप वनवाल्यांना तो जलेबीपेक्षा जास्त अवघड जातो. जलेबीची साखर लगेच चढते, तिला इन्सुलिनचा डोस जुळवता येतो, पण गराडूतल्या तेलामुळे पोट हळू रिकामं होतं, मग इन्सुलिनचं काम आधीच आटपून जातं आणि शुगर वर येते रात्री दोन-तीनला, घरचे सगळे गाढ झोपलेले असताना. मला लहानपणापासून टाइप वन आहे, हे गणित रोजचंच.

तरी लग्नात कुणी काकू म्हणतातच, "लहानपणी गोड फार खाल्लं असेल गं." काकू, गोडाचा इथे काही संबंध नाही हो. आपलीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते, इन्सुलिन त्याच पेशी बनवतात, म्हणून ते बाहेरून घ्यावंच लागतं. कारल्याच्या रसावर विसंबून कुणी पोराचं इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकतं, प्लीज असं कुणी करू नका.

11 जानेवारी 1922 ला टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, त्याआधी हा आजार झालेली मुलं फार जगतच नव्हती. मग 1993 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, शुगर कसून सांभाळली तर डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी होतो. मला वाटतं आमच्यासारख्यांच्या आयुष्यात इन्सुलिननंतर सगळ्यात मोठी बातमी हीच. आता दंडावर सेन्सर लावला की दर काही मिनिटांनी शुगर मोबाइलवर दिसते, त्याला इन्सुलिनचा पंप जोडला तर डोस बराचसा आपोआप कमीजास्त होतो, फक्त खर्च इतका की आपल्याकडे बहुतेक घरांना झेपत नाही, याचं फार वाईट वाटतं.

पण इलाजाचं काय? खरे प्रश्न दोन आहेत, नव्या पेशी आणायच्या कुठून आणि त्यांना आपल्याच शरीरापासून वाचवायचं कसं. पहिला बऱ्यापैकी सुटत आलाय. स्टेम सेलपासून (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवता येतात अशा मूळ पेशी) लॅबमध्ये बनवलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी यकृतात सोडल्या, 2025 मध्ये निकाल छापून आले, पूर्ण डोस मिळालेल्या 12 पैकी 10 जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं! वाचून मी खरंच रडले. पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सतत घ्यावी लागतात, इन्फेक्शनची भीती, किडनीवर ताण, म्हणून लहान मुलांना इतक्यात हे देणं मला पटत नाही. टेप्लिझुमॅब नावाचं औषध वेगळ्या बाजूने जातं, आजार पूर्ण सुरू व्हायच्या आधी दिलं तर सरासरी दोनेक वर्षं तो पुढे ढकलतं, अमेरिकेत 2022 ला मंजूर झालं. दोन वर्षं कमी वाटतील, पण दहा वर्षांच्या ऐवजी बारा वर्षांच्या मुलाला सुई टोचणं यातला फरक आईला विचारा.

दुसऱ्या प्रश्नावर माझी सगळी आशा स्वीडनच्या एका पेशंटवर आहे. दात्याच्या पेशींचे जीन असे बदलले की प्रतिकारशक्तीला त्या परक्या म्हणून ओळखूच येऊ नयेत, आणि त्या त्याच्या हाताच्या स्नायूत टोचल्या. दाबणारं एकही औषध न देता 12 आठवड्यांनी त्या जिवंत होत्या, इन्सुलिन बनवत होत्या. मुद्दाम थोड्याच टाकल्या होत्या म्हणून त्याला बाहेरचं इन्सुलिन अजून लागतंच. अशाच पेशींचा पूर्ण डोस दिल्यावर काय होतं, त्या निकालाची मी वाट बघतेय.